सावडीची माणसं

वेवजी गावातल्या आमच्या वाडीवर यायचं तर उंबरगाव रोडला उतरावं लागतं. स्टेशन गुजरातेत, गाव महाराष्ट्रात. डहाणू मागे पडलं की गाडी घोलवड आणि बोर्डी रोड घेत पुढे सरकते, चिकूच्या बागा आणि ताडाची उंच झाडं खिडकीला लागून धावत राहतात, आणि मग फलाटावरची पाटी गुजरातीत दिसते. तिथून रिक्षाने थोडं आत आलं की पुन्हा मराठी पाट्या. मधे राज्याची सीमा गेली हे नव्या माणसाला कळतही नाही. १ मे १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली. सोयरिकी आणि आठवड्याचे बाजार मात्र जिथल्या तिथे राहिले. आमच्याकडे येणारी माणसं अशी एका राज्यात उतरतात, दुसऱ्यात पोचतात, आणि चिकूच्या गर्द सावलीतून चालत वाडीवर येतात. पाठीवर मोठी पिशवी असते. हातात मोबाइल असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, चार्जिंग कुठे करायचं?

वाडीवर विजेची तार नाही. गावात वीज आहे, आम्ही ती घेतलेली नाही. छपरावर सोलरच्या दोन प्लेटी आणि खाली बॅटऱ्या, एवढ्यावर चार दिवे आणि विहिरीवरचा छोटा पंप चालतो. उन्हाळ्यात याचं काहीच वाटत नाही. खरी ओळख होते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, बॅटरी मान टाकते, आणि संध्याकाळ झाली की ओट्यावरचा एक कंदील सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. मग जेवणं लवकर होतात. माणसं एकमेकांच्या जवळ सरकून बसतात, कारण उजेड तेवढाच असतो. शहरातल्या घरात प्रत्येक खोलीला आपला दिवा असतो आणि प्रत्येक माणसाला आपली खोली. इथे दिवा एक असल्यामुळे गप्पा एक होतात. पुण्याहून आलेली एक मुलगी पहिले दोन दिवस बोलतच नव्हती. तिसऱ्या रात्री त्या कंदिलापाशी तिने आपल्या आजोळची अख्खी गोष्ट सांगितली. पाऊस कौलांवर कोसळत होता, त्यामुळे तिला मोठ्याने सांगावी लागली.

येतात कोण? नोकरीतून रजा काढलेली तरुण मुलं, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका, कधी सायकलवरून देश बघायला निघालेला एखादा परदेशी. शेतावर राहून राबायची ही रीत आता जगभर रुळली आहे. लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या सू कॉपर्ड यांनी १९७१ साली शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर जाऊन राबायची कल्पना काढली. तिची पुढे ‘वूफ’ नावाची चळवळ झाली आणि देशोदेशी पसरली. आपल्याकडे बाबा आमट्यांनी साठच्या दशकातच सोमनाथच्या माळावर श्रमसंस्कार छावणी भरवली, चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हात मुलांच्या हाती कुदळ-फावडी दिली. महाराष्ट्रातल्या किती घरांत त्या छावणीला जाऊन आलेला कुणी ना कुणी सापडतो! म्हणजे चार तास काम करावं, शेतावरचं जेवावं, तिथेच झोपावं आणि जाताना काही शिकून जावं, यात नवं काही नाही.

पण वेवजीत हे इतकं सोपं नाही. इथली माती फुकट राबवून घेतलेल्या माणसांची माती आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. वारली शेतकऱ्याने आधी सावकाराचं शेत लावून द्यायचं, मग आपलं. त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी थोडं कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही मालकाच्या दारी बांधली जात; त्या माणसाला लग्नगडी म्हणत, आणि त्याची सुटका बहुधा मरणानेच होई. २३ मे १९४५ रोजी याच तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. दिवसाला किमान १२ आणे मजुरी हवी, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथीदार गेले. १२ आण्यांसाठी माणसं मेली, ही गोष्ट या भागात राहणाऱ्याने कुदळ हातात घेताना विसरू नये असं मला वाटतं.

आमच्या बांधापलीकडे एक वारली कुटुंब राहतं. त्या घरातली आजी आमच्या वाडीवर काय चाललंय ते ओट्यावर बसून बघत असते. पहिल्यांदा शहरातली पाच-सहा मुलं येऊन राबायला लागली तेव्हा तिने मला विचारलं, यांना मजुरी किती देता? मी म्हटलं, मजुरी नाही आजी, जेवण आणि राहणं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग आमच्या पोराला आता कामाला बोलावणार नाही का?

एवढा एकच प्रश्न. पण वाडीचं पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दिवाळी झाली की या भागातली धडधाकट माणसं कामासाठी बाहेर पडतात. कुणी उंबरगावच्या कारखान्यांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी मासेमारीच्या बोटींवर. गावातच चार दिवसांची मजुरी मिळाली तर एखाद्या घराचं जाणं लांबतं, एखादं पोर शाळेत टिकतं. तिथे शहरातला सुशिक्षित मुलगा हौसेने येऊन तेच काम फुकट करून गेला, तर त्याच्या श्रमदानाचे पैसे त्या आजीच्या घरातून गेलेले असतात. हेतू कितीही चांगला असो.

म्हणून वाडीवर एक नियम आहे. मजुरीचं काम मजुरीचंच राहतं. चिकूची काढणी, गवत कापणं, कुंपण, विहिरीचा गाळ काढणं, ही कामं गावातली माणसं करतात आणि ठरलेली मजुरी घेतात. पाहुण्यांच्या वाट्याला उरतं ते एरवी पैसे देऊन कुणी करून घेत नाही असं काम: बियाणं निवडणं, रोपं भरणं, झाडांच्या बुंध्याशी पाचोळा पसरणं, भिंती लिंपणं, चूल पेटवणं, भांडी घासणं, बॅटरीत पाणी आहे का ते पाहणं. काहींना हे कमी वाटतं. त्यांना घाम गाळायचा असतो. त्यांच्यासाठी लावणी आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

शेत आणि माणसं यांचं नातं कसं असावं याचा एक मोठा धडा आमच्या अगदी शेजारी होता. उंबरगावच्या बाजूला समुद्राजवळ देहरी नावाचं गाव आहे, तिथे भास्कर सावे यांचा ‘कल्पवृक्ष’. सावे १९२२ साली जन्मले, सुरुवातीला शाळेत शिक्षक होते. रासायनिक खतांची शेती त्यांनी स्वतः केली होती, इतरांना शिकवलीही होती, आणि मग गांधी-विनोबांच्या विचाराने ती सोडून निसर्गाकडे वळले. चौदा एकरांत नारळ, चिकू, केळी, पपई, अळू अशी दाट वस्ती. झाडं उंचवट्यांवर आणि दोन रांगांच्या मधे चर; पाणी बुंध्याशी ओतायचं नाही, चरात द्यायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात लांब पसरतात. नांगरट नाही, खत नाही, जमिनीवर पाचोळ्याची जाड गादी आणि तिच्यात गांडुळं. मासानोबु फुकुओका हे जपानचे थोर निसर्गशेतकरी. ते ही बाग बघायला आले आणि आपल्या शेतापेक्षाही ही चांगली, असं त्यांनी म्हटलं. फुकुओकांच्या डोंगरावरच्या बागेतही देशोदेशीची तरुण मुलं येऊन राहत, मातीच्या झोपड्यांत, विजेशिवाय आणि नळाशिवाय. त्यांतलाच एक, लॅरी कॉर्न, फुकुओकांचं ‘एका काडातून क्रांती’ हे पुस्तक इंग्रजीत आणायला कारण ठरला. त्या बागेत त्याने भात कापलं, चूल फुंकली, आणि मगच ते पुस्तक जगभर गेलं.

सावे २०१५ साली गेले. त्यांच्या बागेची मला सर्वांत भावलेली गोष्ट शेतीतली नाही. शनिवारी दुपारी ती बाग कुणालाही बघायला खुली असे. ओळखपत्र नको, शिफारस नको. बागेतल्या वाटांवर लहान लहान पाट्यांवर चार शब्दांचे विचार लिहिलेले असत; माणूस वाचत वाचत फिरे. दर आठवड्याला ठरल्या वेळी दार उघडायचं, याने शेताला एक लय येते. शेतकऱ्याचा बाकीचा वेळ सुरक्षित राहतो आणि बघणाऱ्यालाही आपण कुणाच्या कामात अडथळा करतोय असं वाटत नाही. आम्ही तीच रीत उचलली, आणि सावेंचे चरही. आमच्याकडे चर गावातल्या माणसांनी मजुरीवर काढले, त्यांत पाचोळा मात्र पाहुण्यांनी भरला. आता त्या चरांत पाऊस थांबतो. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा पट्टा चैत्र-वैशाखात हंडे घेऊन वणवण करतो, याचं दुःख इथे राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. पाण्याला चार महिने पळू दिलं नाही तर विहीर वैशाखातही तळ दाखवत नाही.

स्वच्छतेचा विषय बहुतेकजण टाळतात. मी तो पहिल्याच दिवशी काढते. वाडीवरचा संडास दोन खड्ड्यांचा आहे. एक भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा वापरायचा. वर्षभराने पहिल्यातलं काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत झाडांना जातं. कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग केले. तो माणूस स्वतः हातात खराटा आणि बादली घेऊन उतरला होता. जातीने वाटून दिलेलं काम सगळ्यांनी वाटून घ्यावं, हा त्या प्रयोगाचा गाभा. आमच्याकडे खड्डा उपसायची पाळी सगळ्यांवर येते, यजमानांवर आधी. जो ती पाळी मुकाट्याने आणि नीट पार पाडतो, त्याच्याशी गावातली माणसंही वेगळ्या आदराने बोलतात, हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे.

पाहुण्यांना राहायला खोपटं हवं होतं; ते कशाचं बांधायचं हे भूकंपाने ठरवलं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं भर थंडीत घराबाहेर झोपली. विटांच्या भिंतींना तडे गेले. कुडाची घरं हलली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. मग पाहुण्यांसाठी कूडच बांधायचा ठरला. शिकवायला आजीचा मुलगा आला, तोही मजुरीवर, कारण कारागिराचं ज्ञान फुकट घ्यायचं नसतं. लाकडी खांब रोवले, कारवीच्या काटक्या आणि बांबूच्या कामट्या वेलींनी उभ्या-आडव्या बांधल्या, मग शेण आणि माती पायांनी तुडवून दोन्ही बाजूंनी लिंपलं. मुंबईच्या एका कॉलेजातली दोन मुलं त्या वेळी होती. भिंतीचा भार, छपराचा ताण यांची गणितं त्यांना येत होती. गाठ येत नव्हती. वेल ओली असताना किती आवळायची, सुकल्यावर ती किती घट्ट होईल, हे त्या माणसाच्या बोटांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत मुलांची वही बंद झाली होती आणि ती त्याच्या बोटांकडे टक लावून बसली होती.

भिंत वाळल्यावर एका मुलीला तिच्यावर तांदळाच्या पिठाने चित्र काढायचं होतं. वारली चित्रं तिने खूप पाहिली होती, पिशव्यांवर, कपांवर. आजीने तिला शांतपणे सांगितलं, की पिठाचं चित्र म्हणजे चौक, तो लग्नघरात लिहितात, सवाशिणी लिहितात, देव बसवायला लिहितात. कुडाच्या भिंतीला शेणाचा हिरवट-करडा रंग तसाच राहिला. ती मुलगी पुढे फाल्गुनात आजीच्या नातीच्या लग्नाला आली, चौक लिहिताना रात्रभर शेजारी बसली, पीठ कालवून देत राहिली. तिला हातात काडी मिळाली नाही आणि तिने मागितलीही नाही. पाहुण्याने कसं असावं हे मला तिच्याकडून कळलं.

या भागात बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांची एक फार मोठी परंपरा आहे आणि ती कोसबाडच्या टेकडीवर आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. शिकवायची साधनं शिंपले, बिया, पानं, माती. जे आसपास पडलेलं आहे त्यातून शिक्षण उभं राहिलं. अनुताई १९९२ साली गेल्या, तोवर त्या इथल्याच झाल्या होत्या. सेवा करायला येतो आहोत असं मनात धरून येणाऱ्या प्रत्येकाने एकदा त्या टेकडीवर जावं. तिथे कळतं, की गावाला काय हवं ते विचारायला वर्षं लागतात, आणि ती देण्याची तयारी हवी.

आमच्याकडे येणारे वर्षं देऊ शकत नाहीत. ते दहा-पंधरा दिवस देतात. त्या थोड्या दिवसांत त्यांना गावाशी जोडणारी गोष्ट एकच सापडली, आणि ती आम्ही काढलेली नाही, ती इथे होतीच: सावड. आषाढात लावणीला सगळ्यांनाच माणसं कमी पडतात. आज तुमच्या शेतात आमची चार माणसं, उद्या आमच्या शेतात तुमची चार. पैशांचा हिशेब नाही, पण हिशेब आहे, आणि तो कुणी विसरत नाही. म्हणून लावणीच्या दिवसांत आलेला पाहुणा पहिल्यांदा आजीच्या शेतात जातो. आवण उपटायचं, मुळांचा चिखल पाण्यात धुवायचा, मूठ बांधायची, चिखलात मागे सरकत सरकत रोपं टोचायची. तासाभरात कंबर धरते. शेजारच्या बाया बोलत-हसत पुढे निघून जातात आणि नव्या माणसाची ओळ वाकडी होते. कुणी त्याला टोचून बोलत नाही. एखादी बाई मागे येते आणि न बोलता त्याची राहिलेली जागा भरून टाकते.

दुपारी बांधावर नागलीची भाकर, सुकटीची चटणी, आणि पावसाच्या सुरुवातीला शेवळांची रानभाजी. शेवळं काकडाच्या फळांबरोबर शिजवायची, नाही तर घसा खाजतो. हे आजीने इतक्या जणांना शिकवलंय की तिची ती भाजी आता पुणे-बंगळुरूच्या स्वयंपाकघरांत पोचली असेल. त्या बांधावर बसून खाताना कोण स्वयंसेवक, कोण मालक, कोण मजूर, हे ओळखू येत नाही. सगळ्यांचे पाय सारखेच चिखलाचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा मुलगा, सून, दोन पुतणे आमच्या खाचरात उतरलेले असतात, कारण काल आमची माणसं त्यांच्याकडे गेली होती. पाहुण्याने दिलेला दिवस गावाच्या वहीत आमच्या नावावर जमा झाला. तो पाहुणा निघून जातो, दिवस गावात राहतो, पुढच्या अडचणीला कामाला येतो. समुदाय बांधायचा म्हणून आम्ही सभा घेतल्या नाहीत, गट केले नाहीत. जो समुदाय इथे शेकडो वर्षं आहे त्यात शिरायची वाट एवढीच होती, शेजाऱ्याच्या चिखलातून.

भात कापून झालं की पाड्यावर तारपा वाजतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचं ते लांब वाद्य. एकजण फुंकतो आणि बाकीचे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ न करता. आषाढात आलेल्यांपैकी एखादा तेव्हा मुद्दाम परत येतो. त्याला साखळीच्या टोकाला उभं करत नाहीत, मधे घेतात, कारण मधल्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवता येतं आणि पाय चुकला तरी तो पडत नाही. आणि जो लावणीला आला होता त्यालाच हाक मारून आत घेतात, हे मी पाहिलं आहे.

तुम्हाला यायचं असेल तर लावणीच्या दिवसांत या, आषाढ लागला की. किमान दहा दिवस काढून या. दोन दिवसांत हात शिकत नाहीत आणि तुमच्यासाठी राबणाऱ्या घराला उगाच ताण होतो. बॅटरीचा टॉर्च, पातळ सुती कपडे आणि पायात काही नसलं तरी चालेल अशी सवय आणा. फोटो काढायचे असतील तर आधी नाव विचारा, मग परवानगी विचारा. गाडी उंबरगाव रोडला थांबते, रिक्षावाल्याला वेवजी सांगा. पहिल्या सकाळी काम आमच्या वाडीवर नसेल, शेजारच्या आजीच्या शेतात असेल.